अख्खी कोंबडी

गेल्या माघात मुलीने तिचा जुना ओटीजी आमच्याकडे आणून ठेवला आणि मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा एक अख्खी कोंबडी भाजायला घेतली. बाजारात गावरान कोंबडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने सवयीने विचारलं, "तुकडे बारीक करू की मध्यम?" मी म्हटलं, तुकडे नकोत, अख्खीच द्या. सुरी हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "देवाचं काय आहे का?"

एका इंग्रजी पाकपुस्तकात दर अर्ध्या किलोला वीस मिनिटं आणि वर आणखी वीस, असा हिशेब दिला होता. त्याप्रमाणे सगळं केलं. पोटात लिंबू आणि लसूण भरले, वरून लोणी चोळलं. बाहेर आली तेव्हा कोंबडी दिसायला चित्रातल्यासारखी होती. पण सुरी आत जाईना. तंगडी ओढली तर सगळी कोंबडीच ताटातून उठून आली. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अंडी द्यायची थांबलेली कोंबडी आहे रे ही. हिला शिजवायची असते. भाजून काय उपयोग?" मग कोयता काढला, तुकडे केले, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून दोन तास पातेल्यात ठेवली. रात्री आम्ही सातजण जेवलो आणि रस्सा दुसऱ्या दिवशीही पुरला.

या फजितीने मला माझी एक जुनी चूक दाखवली, म्हणून हा लेख. मी आयुष्यभर छापखाना चालवला, अभ्यास रात्री केला. चूक दाखवणारे गुरुजी माझ्या वाट्याला कमीच आले. काही वर्षांपूर्वी एका अंकात मी ठोकून दिलं होतं की अख्खं जनावर भाजण्याची कला आपल्याकडे बाराव्या शतकापासून आहे, तेव्हा 'रोस्ट चिकन'चं कौतुक साहेबाकडून शिकायची गरज नाही. आधार होता 'मानसोल्लास'चा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ साधारण 1129चा. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांस भाजण्याचं वर्णन आहे हे खरं. पण तिथे विस्ताराने येतो तो डुक्कर. पांढऱ्या कापडात गुंडाळून वर कढत पाणी ओतून त्याचे केस कसे काढावेत, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर कसे जाळावेत, हे बारकाईने सांगितलं आहे. डुकराच्या भाजणीवरून मी कोंबडीचा निष्कर्ष काढला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, गावडुक्कर यांच्याच रांगेत गावकोंबडाही निषिद्ध आहे, हे मला तेव्हा माहीत होतं. तरी ते मी सोयीने बाजूला ठेवलं.

अख्ख्या कोंबडीचा खणखणीत पुरावा सापडतो तो अकबराच्या मुदपाकखान्यात, 'आईन-ए-अकबरी'त. पदार्थाचं नाव मुसम्मन. कोंबडी अख्खी ठेवून तिची सगळी हाडं मानेच्या वाटेने बाहेर काढायची. बरोबर अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी, कांदा, आलं, केशर. ही कृती मी पुन्हा वाचली ती आईच्या वाक्यानंतर, आणि एकदम लक्षात आलं की अख्ख्या कोंबडीसाठी शाही खानसाम्यालाही हाडं काढण्यापासून तुपापर्यंत केवढा खटाटोप करावा लागत होता.

घट्टपणा येतो स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजनमधून. पक्षी जितका वयस्क आणि जितका हिंडलेला, तितके त्याचे धागे एकमेकांत पक्के गुंतलेले. ते सुटायला ओलावा आणि वेळ लागतो. कोरड्या आचेत ते सुटायच्या आत छातीचं मांस वाळून जातं. शेतकऱ्याच्या घरी अंडी देणारी कोंबडी सहसा कापली जात नसे. कापली जाई ती म्हातारी, नाहीतर नको असलेला कोंबडा. असा पक्षी आणि चुलीवरचं पातेलं यांची गाठ पडल्यावर रस्साच होणार. आमच्याकडेही अख्खी कोंबडी जाळावर धरतात, पण पिसं काढल्यावर, हळद लावून, लव जाळण्यापुरती. तिथून ती थेट कोयत्याखाली जाते. (रायगडकडचे वाचक पोपटीची आठवण करून देतील. पण ते मडकं तोंडाशी भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद असतं, आत वाफ कोंडलेली असते.)

बरं, इंग्रजांकडे तरी हे सोपं होतं का? आज आपण ओव्हनमधल्या कोंबडीला 'रोस्ट' म्हणतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजाने तिला 'बेक' म्हटलं असतं. रोस्ट म्हणजे उघड्या विस्तवासमोर सळईवर फिरवत भाजलेलं. ती सळई फिरवायला माणूस लागे, आणि काही घरांत चक्क चाकात पळणारं आखूड पायांचं कुत्रं. अशा एका कुत्र्याचं पेंढा भरलेलं शरीर वेल्समधल्या ॲबर्गव्हेनीच्या संग्रहालयात आजही आहे. 1790च्या दशकात काउंट रम्फर्डने लोखंडी बंद भाजणयंत्र काढलं, मग घरोघरी लोखंडी चुली आल्या आणि 'रोस्ट' हा शब्द गुपचूप भट्टीच्या आत जाऊन बसला. तिथेही कोवळी कोंबडी हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सणासुदीचंच खाणं होतं.

बदलला तो पक्षी. 1923मध्ये अमेरिकेत डेलावेअरच्या सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी 50 पिल्लं मागवली आणि चुकून 500 आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवून मांसासाठी विकली, आणि पुढच्या वर्षी आणखी मागवली. 1948मध्ये 'उद्याची कोंबडी' नावाच्या स्पर्धेची अंतिम फेरी त्याच डेलावेअरमध्ये झाली. रुंद छातीचा, लवकर वाढणारा पक्षी हवा होता. पहिला आला कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेसचा संकर, कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींचा. पुढे काय झालं ते कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने मोजलं. 1957 सालचा वाण जपून ठेवलेला होता. तो, 1978चा आणि 2005चा असे तीन वाण एकाच खाद्यावर वाढवले. 56व्या दिवशी वजनं भरली 905 ग्रॅम, 1808 ग्रॅम आणि 4202 ग्रॅम. हिचीच नात म्हणजे आपली 'बॉयलर'. दीड-दोन महिन्यांच्या आतच सुरीखाली जाणाऱ्या या पिल्लाचं कोलॅजन घट्ट व्हायला वेळ कुठला?

इथे मी खुर्चीतून उठलो, कारण कॉर्निशचं मूळ नाव 'इंडियन गेम'. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एकोणिसाव्या शतकात ही जात घडवली गेली ती आपल्या असील कोंबड्यांच्या रक्तावर. असील म्हणजे झुंजीचा कोंबडा, भरदार छातीचा. ती छाती कॉर्नवॉल, तिथून अमेरिका असा फेरा करून आमच्या तालुक्याच्या दुकानात जाळीच्या पिंजऱ्यात परत आलेली आहे. ते दुकान निघालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि आजोबांनी "कापूस खाल्ल्यासारखं लागतं" म्हणून पान बाजूला सारलं होतं.

तेव्हा ओटीजीत दुसऱ्यांदा कोंबडी गेली ती बॉयलर, सव्वा किलोची. तासाभरात झाली, मऊ. अख्खीच ताटात ठेवली आणि मी सुरी घेऊन उभा राहिलो, तेव्हा एक गोष्ट घडली जी कुठल्याही ग्रंथात मला सापडली नव्हती. रश्श्याच्या पातेल्यात वाढणाऱ्याचा पळा काय शोधतो ते कुणाला दिसत नाही. आमच्या घरी तंगड्या आजोबांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात जायच्या, नंतर माझ्या. आईच्या ताटात मान आणि फासळ्या. ती म्हणायची तिला तेच आवडतं, आणि आम्ही पन्नास वर्षं ते मानत आलो. इथे सगळी कोंबडी सगळ्यांसमोर होती. मी आईला विचारलं, कुठला भाग देऊ. तिने आधी सवयीने मानेकडे पाहिलं, पण मान दुकानदाराने काढूनच टाकलेली होती.

"तंगडी दे," ती म्हणाली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे. आणि रस्सा का नाही केलास?"