असईचा उतार आणि नियमपुस्तके

१/
पटावर फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा खेळणाऱ्यांची एक स्वतंत्र दुनिया आहे. नेपोलियनच्या काळातील युद्धे हा तिचा लाडका विषय आणि त्या युद्धांच्या यादीत जालना जिल्ह्यातील एक छोटे गाव आहे: असई. या खेळांची नियमपुस्तके कशी घडली, त्यांतून पुढे रोल-प्लेइंग गेम कसा जन्मला आणि असईच्या कसोटीवर ही पुस्तके कितपत टिकतात, याचा हा आढावा. #थ्रेड

२/
आधी लढाई. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांना तो मान्य नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे मेजर जनरल आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांनी बेत ठरवला: डोंगराच्या दोन बाजूंनी दोन फौजा जातील आणि २४ तारखेला भोकरदनच्या रोखाने एकत्र हल्ला करतील.

३/
बेत एक दिवस आधीच मोडला. २३ सप्टेंबरला वेलस्लीला कळले की मराठी फौज अपेक्षेपेक्षा फार जवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात तळ देऊन आहे. स्टीव्हन्सन दूर होता. समोर कर्नल पोलमान या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढणारी कवायती फौज होती सुमारे ४,५००. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या सरदारांचे घोडदळ त्याच्यासोबत होते, ते वेगळे.

४/
समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. दुसरा उतार आहे का, असे विचारता वाटाड्यांनी ठामपणे सांगितले: नाही. वेलस्लीने पाहिले की मराठी फौजेच्या डाव्या बगलेपलीकडे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. दोन गावे अशी वसली असतील, तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला. कॅप्टन जॉन्सनने जाऊन पाहिले. उतार होता.

५/
फौज पलीकडे गेली. पोलमानच्या पलटणींनी तत्काळ काटकोनात वळून नवी फळी धरली. इतक्या शिस्तीची वेलस्लीला अपेक्षा नव्हती. लेफ्टनंट कर्नल ऑरॉकची तुकडी ठरलेल्या जागेच्या पुढे सरकत थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि तिच्या मागोमाग गेलेली ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली. दुसऱ्या टोकाला इंग्रजी पायदळाने तोफा घेतल्या व ते पुढे गेले. तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी उलट फिरवून डागल्या.

६/
संध्याकाळपर्यंत रणांगण वेलस्लीच्या हाती आले. ९८ तोफा त्याला मिळाल्या. परंतु त्याचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. लढलेल्या कवायती फौजेच्या मानाने हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक भरते. मराठ्यांची हानी सुमारे सहा हजार धरली जाते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लू जिंकल्यानंतरही आपली सर्वांत सरस लढाई म्हणून तो असईचेच नाव घेत असे.

७/
आता नियमपुस्तकांकडे. चतुरंग भारतातून इराणमार्गे युरोपात पोहोचला आणि बुद्धिबळ झाला. १७८० साली ब्रुन्सविक येथील गणिताचे शिक्षक हेल्विग यांनी त्याच बुद्धिबळाला युद्धाच्या जवळ नेले. त्यांच्या पटावर १,६१७ घरे होती. घरांना नदी, डोंगर, दलदल असे रंग होते. कल्पना मोठी होती, पण घर ते घरच. केळणेचा काठ चौकोनात बसत नाही. या पुस्तकानुसार असई खेळली, तर उतार एक तर पटावर छापलेला असेल किंवा नसेल. तर्क करून तो शोधायला जागा नाही.

८/
प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी चौकोन काढून टाकले. १८१२ मध्ये वडिलांनी आपला खेळ राजाला सादर केला. १८२४ मध्ये मुलाने, जो स्वतः तोफखान्याचा अधिकारी होता, सुधारित ‘क्रीगश्पील’ प्रसिद्ध केला. एकास आठ हजार प्रमाणाचा खरा नकाशा, धातूच्या पट्ट्यांच्या पलटणी, हानी ठरवण्यासाठी फासे, दोन-दोन मिनिटांची एकेक चाल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंच. खेळाडूंनी हुकूम लिहून द्यायचे. शत्रूचे जे खरोखर दिसेल तेवढेच पंच नकाशावर मांडणार.

९/
येथे असईशी एक विलक्षण दुवा जुळतो. हा खेळ पाहून, ही तर युद्धाची शाळा आहे, असे उद्गार काढणारा आणि साऱ्या सैन्याला त्याची शिफारस करणारा प्रशियाचा सेनाप्रमुख होता म्युफ्लिंग. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या मोहिमेत वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून हाच अधिकारी होता. असईच्या सेनापतीला अगदी जवळून पाहिलेल्या माणसाने युद्धखेळाला राजमान्यता मिळवून दिली.

१०/
राइसविट्झचे पुस्तक असईपुढे पुष्कळ टिकते. शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ निघणे, स्टीव्हन्सनला निरोप पोहोचायला लागणारा वेळ, हुकूम नीट न कळल्याने ऑरॉकचे भरकटणे, हे सारे त्यात बसते. उताराचा प्रश्नही खेळाडू विचारू शकतो, कारण उत्तर द्यायला पंच आहे. पहिल्यांदाच एका नियमपुस्तकाने मान्य केले की रणांगणावर सेनापतीला सगळे दिसत नसते.

११/
ते अडते कोठे? मेल्याचे सोंग घेतलेल्या गोलंदाजांपाशी. तक्त्यात तोफ ‘घेतली’ की घेतली. तोफेपाशी पडलेला माणूस पुन्हा उठेल, असे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते. दुसरा अडसर फौजेच्या गुणवत्तेचा. पुढच्या अनेक नियमपुस्तकांत प्रत्येक पलटणीच्या धैर्याला एक आकडा देण्याची प्रथा पडली. पोलमानच्या पलटणींना कोणता आकडा द्यावा? स्वतः वेलस्लीने पत्रांत कबूल केले आहे की आपल्या फौजेखेरीज असे पायदळ त्याने हिंदुस्थानात पाहिले नव्हते. हरलेल्यांना कमी आकडा देणे सोपे असते. पण ४२८ मृतांचा हिशेब मग लागत नाही.

१२/
तक्ते आणि फासे जड होत गेले. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने उलट टोक गाठले: नियम आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. खेळ एकदम मोकळा झाला. गोलंदाज उठू शकतात, वाटाडे खोटे बोलू शकतात. आजही खेळाडूंमध्ये चालणारा मूळ वाद हाच आहे: पुस्तक मोठे की पंच मोठा?

१३/
असई या वादाला एक टोकदार प्रश्न जोडते: पंच कोणाचा? मुक्त खेळात पंचाचे ज्ञान हाच नियम असतो, आणि म्हणून पंचाचे पूर्वग्रहही नियम होतात. ‘एतद्देशीय फौज तोफांसमोर टिकत नाही’ असे मानणारा पंच पोलमानच्या फळीला काटकोनात वळूच देणार नाही. छापील तक्ता चुकीचा असला, तर निदान तो वाचून खोडता येतो. पंचाच्या डोक्यातला तक्ता कोणालाच दिसत नाही.

१४/
१९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ आले. शिशाचे शिपाई, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा, घरातली जमीन हेच रणांगण. क्रीगश्पील त्यांना रटाळ वाटे. त्यांचे नियम थोडके आणि आनंदी आहेत. असईसारखी लढाई त्यांत तासाभरात आटोपेल. पण या पुस्तकाचा खरा मुद्दा वेगळा आहे. वेल्स यांनी शेवटी खेळातले युद्ध आणि खरे युद्ध समोरासमोर ठेवून खऱ्याची भीषणता दाखवली. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

१५/
निर्णायक वळण अमेरिकेत आले. तेथील लष्करी अधिकारी चार्ल्स टॉटन यांचे १८८० चे ‘स्ट्रॅटेगोस’ हे विस्मृत नियमपुस्तक १९६० च्या दशकात मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुण खेळाडूच्या हाती लागले. खेळाडूने काहीही करून पाहावे आणि शक्य-अशक्य पंचाने ठरवावे, हा विचार त्यांनी त्यातून उचलला. १९६९ मध्ये त्यांनी ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन शहर रचले. काळ नेपोलियनचा, आणि शहर दोन फौजांच्या मधोमध.

१६/
खेळाडू दोनांहून अधिक होते. म्हणून वेझली यांनी इतरांना शहरातल्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. फौजा पोहोचण्याआधीच सगळे एकमेकांशी कट, सौदे, भांडणे करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध पुकारले. त्याचा नियम तयार नव्हता, तो वेझली यांना जागच्या जागी ठरवावा लागला. खेळ फसला, असे त्यांना वाटले. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी?

१७/
त्या गटातील डेव्ह आर्नसन यांनी ही युक्ती किल्ले, भुयारे आणि राक्षसांच्या जगात नेली. गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले: एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या १,००० प्रती. आजच्या सर्व रोल-प्लेइंग पुस्तकांचे हे मूळ. त्या पुस्तिका वाचायला विस्कळीत आहेत. अर्धे नियम गृहीत धरलेले, उरलेले अर्धवट. तरी त्यांनी एक दार उघडले. खेळाडू आता फौज नव्हता; तो एक माणूस होता.

१८/
या खेळाचा उगम राक्षसांत नाही, हे लक्षात घ्यावे. तो एका प्रश्नात आहे: दोन फौजांच्या मध्ये सापडलेल्या गावातले लोक काय करत होते? ब्राउनस्टाइन काल्पनिक होते. असई, भोकरदन, केळणेकाठची ती दोन गावे खरी आहेत. १८०३-०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ होता. त्याच सुमारास हजारो घोडी, बैल आणि माणसांचे लोंढे या शिवारांतून गेले. कोणत्याही पटावर त्या शिवारांची सोंगटी नाही.

१९/
असई ब्राउनस्टाइनच्या रीतीने मांडली, तर काय दिसेल? फौजेला धान्य पुरवणारा बंजाऱ्यांचा नाईक; त्याच्या बैलांवाचून वेलस्लीचे सैन्य चार दिवस चालू शकत नव्हते. कंपनीच्या पलटणीतला मद्रासी शिपाई. त्या दिवशीचे इंग्रजी पायदळ बव्हंशी अशाच शिपायांचे होते. पेशव्यांच्या बाजूने आलेला मराठी स्वार, समोर शिंद्यांचा मराठी स्वार. दोन रंगांच्या सोंगट्यांत ही लढाई बसत नाही.

२०/
आणि वाटाडे. लष्करी इतिहासात त्यांचा उल्लेख एका वाक्यापुरता येतो: त्यांनी उतार नाही म्हणून सांगितले, सेनापतीने तो ओळखला. प्रसंग सेनापतीच्या बुद्धीचा दाखला म्हणून सांगितला जातो. पण ज्या उतारावरून दोन गावांची रोजची ये-जा चाले, तो या मुलखाची वाट दाखवायला घेतलेल्या माणसांना ठाऊक नव्हता, हे मानणे जड जाते. वाटाड्याची भूमिका हाती घेतलेला खेळाडू पहिला प्रश्न हाच विचारेल: मी खरे का सांगावे? फौज उतरली, तर पीक कोणाचे तुडवले जाईल?

२१/
चांगले नियमपुस्तक कोणते, याचे उत्तर येथे मिळते. हेल्विग भूमी मोजतो, राइसविट्झ अज्ञान मोजतो, व्हर्डी निर्णयाला मोकळीक देतो, वेल्स खेळाची मर्यादा सांगतो. प्रत्येकाला युद्धाचा एकेक पैलू दिसला. पण नियमपुस्तक मुळात एक यादी असते: पटावर कोणाला जागा आहे, याची. इतिहासाचे पुस्तकही तशीच यादी असते. यादीत नसलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न ज्या पुस्तकाला पेलतो, ते चांगले.

२२/
असई खेळण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांनी पलटणी आणि तोफा जरूर मांडाव्यात. आकडे वर दिले आहेत. फक्त पोलमानच्या फळीला तिचे खरे मोल द्यावे, गोलंदाजांना पुन्हा उठू द्यावे, आणि नदीच्या दोन काठांवर दोन गावे मांडून त्यांत निदान एक तरी खेळाडू बसवावा. उतार कोठे आहे, हे त्या पटावर फक्त त्यालाच ठाऊक असेल.

(समाप्त)