पासीच्या बागेतील जर्दाळूचे झाड

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी मिस्साची वस्त्रे उतरवत होतो. धर्मग्रामातील एक वयस्क मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रक्तदाबाचा विकार त्यांना बरीच वर्षे होता. नुकत्याच त्या एका आरोग्यदान प्रार्थनासभेला जाऊन आल्या होत्या. "फादर, मला अगदी बरं वाटतंय. आता गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नाही का?" मी घाईत होतो. "मावशी, तुमची श्रद्धा मोठी आहे," एवढे बोलून मी मोकळा झालो. त्यांनी गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्या वाचल्या, पण उजव्या हाताने क्रुसाची खूण करणे त्यांना पुन्हा जमले नाही. त्या दिवशी मी काय सांगायला हवे होते, या विचारात असताना अठराव्या शतकातील एक प्रकरण माझ्या वाचनात आले.

आल्प्स पर्वतातील क्लोस्टर्ले गावी योहान योसेफ गासनर नावाचे एक धर्मगुरू होते. प्रार्थना आणि भूतनिवारणाचा विधी यांच्या बळावर ते रुग्णांना बरे करीत. १७७४ च्या अखेरीस ते जर्मनीतील एल्वांगन येथे आले, तेव्हा तेथे हजारोंची रीघ लागली. गासनर लबाड नव्हते. ज्याचे दुखणे त्यांच्या आज्ञेला दाद देत नसे, त्याला ते वैद्याकडे पाठवीत. तरीही १७७६ मध्ये पोप सहावे पायस यांनी त्यांच्या या जाहीर प्रयोगांविषयी नापसंती व्यक्त केली. गासनर यांनी आयुष्याची अखेरची वर्षे पाँडॉर्फच्या लहानशा धर्मग्रामात काढली आणि १७७९ मध्ये ते निवर्तले.

याच गासनरविषयी १७७५ मध्ये म्यूनिक येथे फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरचे मत विचारण्यात आले. मेस्मर म्हणाला, की हे धर्मगुरू रोग बरे करतात हे खरे. परंतु ते त्यांच्या नकळत 'प्राणिज चुंबकत्व' नावाची अदृश्य शक्ती वापरतात. एकाने सैतानाचे नाव घेतले, दुसऱ्याने विज्ञानाचे. खरे कारण कोणते, याची परीक्षा मात्र दोघांनीही घेतली नाही.

१७७८ मध्ये मेस्मर पॅरिसला गेला. त्याच्या दालनात ओक लाकडाचे मोठे झाकणबंद पिंप असे. त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी रुग्ण आपल्या दुखऱ्या भागाला लावीत. मंद संगीत चाले. कोणी हुंदके देई, कोणी आचके देत कोसळे, आणि शुद्धीवर आल्यावर आपण बरे झालो असे सांगे. अखेर १७८४ मध्ये राजा सोळावा लुई याने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गियोतँ हे तिचे सदस्य होते. मेस्मरने चौकशीला सहकार्य नाकारले. त्याचा शिष्य डॉ. देस्लाँ मात्र तयार झाला.

पासी येथे फ्रँकलिन यांच्या निवासस्थानी बाग होती. देस्लाँने तेथील जर्दाळूचे एक झाड 'भारले' आणि आपल्याच पसंतीचा बारा वर्षांचा एक मुलगा प्रयोगासाठी दिला. डोळे बांधून त्या मुलाला एकेका झाडाजवळ नेण्यात आले. पहिल्या झाडाशी त्याला घाम फुटला, दुसऱ्याशी डोके दुखू लागले, तिसऱ्याशी त्रास आणखी वाढला, आणि चौथ्या झाडाजवळ तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड मात्र तेथून २४ फूट दूर होते! लाव्हाझिए यांच्या घरी एका स्त्रीला साध्या पाण्याचे पेले एकामागून एक देण्यात आले. चौथ्या पेल्याला तिला झटका आला. सावरल्यावर तिने पाणी मागितले, तेव्हा तिला न सांगता भारलेला पेला दिला. तो तिने शांतपणे पिऊन टाकला.

समितीने त्या मुलाला किंवा त्या स्त्रीला खोटे ठरवले नाही. त्यांचा घाम खरा होता, मूर्च्छा खरी होती. चूक होती ती कारण सांगण्यात. देस्लाँचा आग्रह होता, की बरे झालेल्या रुग्णांवरून निर्णय द्यावा. समितीने तो मानला नाही. कारण कित्येक आजार निसर्गच बरे करतो. पडसे आठवड्याने जातेच. त्या आठवड्यात घेतलेल्या अंगाऱ्याला, काढ्याला किंवा गोळीला आपण श्रेय देतो.

मात्र त्या काळातील मान्यताप्राप्त वैद्यकही निर्दोष नव्हते. तेव्हाचे नामांकित डॉक्टर ताप आला की रुग्णाचे रक्त काढीत. पॅरिसच्याच डॉ. पिएर लुई यांनी १८३५ मध्ये रुग्णांची मोजदाद प्रसिद्ध करून त्या उपचाराची उपयुक्तता फारच थोडी असल्याचे दाखवले. तराजू सर्वांना एकच हवा.

ख्रिस्तसभाही या तराजूला भीत नाही. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. रोगमुक्तीच्या सात हजारांहून अधिक दाव्यांची तेथे नोंद झाली. त्यांतून चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरच्या आसपास घटनांना. रोगनिदान निश्चित होते काय, रुग्ण अकस्मात आणि पूर्ण बरा झाला काय, उपचारांनी तो बरा झालेला नाही ना, काही वर्षांनीही तो निरोगी आहे काय, हे सारे तपासल्यावाचून तेथे कोणी घाईने घंटा वाजवीत नाही. मग आपण आपल्या ओसरीवर ती का वाजवावी?

जुन्या करारातील बेन सिराच्या ग्रंथात ३८ व्या अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करण्यास सांगितले आहे आणि वैद्याला जवळ करण्यासही सांगितले आहे, कारण वैद्य आणि औषधी दोन्ही देवाचीच निर्मिती होत. आरोग्य ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. तिचा हिशेब फादरांना, प्रार्थनासभेच्या व्यासपीठाला किंवा डॉक्टरांनाही परस्पर देता येणार नाही; तो ज्याचा त्यानेच द्यायचा आहे.

आता असा प्रश्न घेऊन कोणी आले, तर मी त्यांना आधी खुर्ची देतो. गोळी बंद करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, असे सांगतो. उपचार करणारा दुसरे औषध सोडायला लावतो काय आणि कोणाला गुण आला नाही हेही सांगतो काय, हे पाहायला सांगतो. मग आम्ही दोघे मिळून प्रार्थना करतो. त्या मावशींना पवित्र कम्युनियन देण्यासाठी मी दर पहिल्या शुक्रवारी घरी जातो. त्या डाव्या हाताने क्रुसाची खूण करतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही.