गोंदिया जिल्ह्यातील तलावांची पातळी : मोरीपासून रडारपर्यंत

गोंदिया जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला आहे. तथापि येथील भूमीची उंची सांगावयाची झाल्यास समुद्राचाच आधार घ्यावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने समतलनाच्या रेषा देशभर नेल्या आणि १९०९ साली किनाऱ्यावरील नऊ भरतीमापन केंद्रांच्या सरासरी समुद्रपातळीशी त्यांचा मेळ घातला. मुंबई हे त्यांपैकीच एक केंद्र होय. गोंदियाची उंची सुमारे ३०० मीटर असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती या दूरच्या समुद्रापासून मोजलेली असते.

गावच्या तलावाला मात्र अशा शून्याची गरज कधी भासली नाही. धानाच्या शेतकऱ्याला हवे असते ते एवढेच, की मोरीच्या तळापासून वर किती हात पाणी शिल्लक आहे आणि ते शेवटच्या बांधीपर्यंत पोचेल की नाही. हे माप त्या त्या तलावापुरतेच खरे. शेजारच्या गावच्या मापाशी त्याची तुलना होऊ शकत नाही, आणि ती करण्याचे कारणही नव्हते.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा प्रदेश तलावांचा म्हणूनच ओळखला जातो. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन देऊ केली आणि कोहळी समाजाने या विद्येत विशेष प्राविण्य मिळविले, असे परंपरा सांगते. नवेगाव बांधाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यास दिले जाते. डोंगरांमधील खिंडी अडवून जलाशय साधण्याची ही दृष्टी कोणत्याही समतलनयंत्रावाचून लाभलेली होती, ही गोष्ट आजही विस्मयकारक वाटते. ब्रिटिश अमदानीत गावे मालगुजारांकडे गेली. पाण्यावरील हक्क वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदले गेले. ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. हक्काची नोंद झाली म्हणजे पाण्याची नोंद झाली असे नव्हे. इटियाडोहसारख्या मोठ्या धरणावर पातळीची दैनंदिन नोंद ठेवली जाते. विखुरलेल्या लहान तलावांवर तशी व्यवस्था उभारणे फार कठीण.

ही उणीव भरून काढण्याची शक्यता ज्या साधनाने निर्माण केली, ते मुळात समुद्रासाठी जन्मास आले. १९७३ साली स्कायलॅबवरून आणि १९७८ साली सीसॅट या उपग्रहावरून रडारने समुद्रपृष्ठाची उंची मोजण्यात आली. तत्त्व साधे आहे. लहरींचा स्पंद खाली सोडावयाचा, प्रतिध्वनी येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा आणि उपग्रहाच्या ज्ञात उंचीतून ते अंतर वजा करावयाचे. समुद्र खवळलेला असल्यास लाटांच्या माथ्यावरून प्रतिध्वनी आधी येतो व खळग्यातून मागाहून; म्हणून त्याचा चढ मंद होतो आणि त्यावरून लाटांची उंची कळते. १० ऑगस्ट १९९२ रोजी सोडलेल्या टोपेक्स-पोसायडनने हे माप काही सेंटीमीटरांच्या अचूकतेवर आणले.

परंतु ही रडारे केवळ पायाखालची रेषा पाहत. टोपेक्सच्या दोन शेजारच्या मार्गांमध्ये विषुववृत्तावर सुमारे ३१५ किलोमीटरांचे अंतर असे. एवढ्या अवकाशात गोंदिया जिल्हा सहज निसटून जातो. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी भारत व फ्रान्स यांनी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘सरल’ हा उपग्रहही आपल्या नावास जागून सरळ खालीच पाहणारा होता.

१६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिका व फ्रान्स यांच्या अवकाशसंस्थांनी कॅनडा व ब्रिटन यांच्या सहकार्याने ‘स्वॉट’ हा उपग्रह सोडला, आणि रेषेचा पट्टा झाला. त्याच्या दहा मीटर लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. एक स्पंद सोडते. दोन्ही प्रतिध्वनी ऐकतात. दोहोंकडे येणाऱ्या लहरींच्या वाटचालीत जो अत्यल्प फरक पडतो, त्यावरून प्रतिध्वनीची दिशा निश्चित होते. अंतर व दिशा दोन्ही हाती आल्यावर त्या बिंदूची उंची काढता येते. लहरीची लांबी अवघी साडेआठ मिलिमीटर असल्याने दांडा किंचित जरी कलला तरी माप बिघडते. मार्गाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी सुमारे ५० किलोमीटरांचे पट्टे या रीतीने पाहिले जातात, आणि २१ दिवसांनी तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

समुद्रावरील साधन तलावावर आणताच अडचणीही उलट्या होतात. समुद्रावर लाटा फार म्हणून दुरुस्ती करावी लागते. वारा पडलेल्या तलावाचे पाणी आरशासारखे होऊन लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात आणि पाणी असूनही चित्रात काळोख दिसतो. पावसाळ्यात धानाच्या बांध्या स्वतःच पाण्याने भरलेल्या असल्यामुळे तलाव कोठे संपला हे ठरविणे सोपे राहत नाही. मुसळधार पाऊस या लहान लहरींना क्षीण करतो. शिवाय उपग्रहाचे मूळ माप पृथ्वीच्या गणिती दीर्घवर्तुळजापासूनचे असते, आणि भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्याच्या काही दशक मीटर खाली आहे. तेव्हा तलावाच्या पाळीवरील मापाशी या आकड्याचा सांधा जुळविण्यासाठी सर्वेक्षणाची जुनी चिन्हे पुन्हा शोधावी लागतात.

या साधनाची मर्यादा त्याच्या उद्दिष्टातच नमूद आहे. एक चौरस किलोमीटरहून मोठ्या जलाशयाची पातळी १० सेंटीमीटरांपर्यंत, आणि त्याहून लहान परंतु २५० मीटर लांबी-रुंदीच्या, म्हणजे सव्वासहा हेक्टरांच्या तलावाची २५ सेंटीमीटरांपर्यंत मोजावी, असे ते उद्दिष्ट होय. नवेगाव बांध त्यात सहज बसतो. बोदलकसा, चोरखमारा हेही बसतात. अनेक मालगुजारी तलाव या सीमेवर येतील. उथळ तलावात मात्र २५ सेंटीमीटर ही क्षुल्लक चूक नव्हे. धान फुलोऱ्यावर असताना एका पाळीचे पाणी मिळणार की नाही, हा वाद तेवढ्यावरच उभा राहू शकतो, आणि २१ दिवसांच्या फेरीत त्या आठवड्याचे माप नेमके मिळेलच असे नाही.

बोडी, म्हणजे शेतकऱ्याने आपल्याच शेताच्या वरच्या अंगास बांधलेले लहान तळे, बहुधा या सीमेच्या पुष्कळ खाली राहते. अशा तळ्याचे पाणी आजही मोरीशी उभे राहूनच पाहावे लागते.