चटणी आणि गावकूस

मंगळवेढा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम ती भिंत येते. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना ती कोसळली आणि काम करणारे मजूर तिच्याखाली गाडले गेले. चोखोबा त्यांतलेच एक. त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आल्याची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो. त्या दिवशी त्या मजुरांच्या फडक्यात भाकरीबरोबर काय बांधलेले होते?

भाकरी ज्वारीची असणार. हा काळ्या रानाचा, शाळूचा मुलूख; २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या भाकरीवर तांबडी चटणी नव्हती, शेंगाचीही नव्हती. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजे आपल्या किनाऱ्याला लागली ती १४९८ नंतर, आणि त्यानंतरच ही पिके इकडे रुजली. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली असे सांगतात. त्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही मिरची ठाऊक नव्हती. जवस, कारळे, तीळ, लसूण, मीठ ही जुनी मंडळी. मिरे होते, पण ते मलबारचे, विकतचे. गावकुसाबाहेरच्या चुलीपर्यंत ते कशाला पोचतात!

म्हणजे आज सनातन वाटणारी तांबडी चटणी अस्पृश्यतेपेक्षा वयाने कितीतरी लहान आहे. सातासमुद्रापलीकडची मिरची आली, तिला कुणी जात विचारली नाही. ती थेट वाड्यातल्या पाट्यावर जाऊन बसली. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणारा माणूस मात्र वेशीबाहेरच राहिला. धर्म बुडाला म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

माझी आजी सांगायची, भाकरी लोकांची असायची. येसकराची पाळी आली की घरोघर फिरून टोपलीत पडतील ते तुकडे आणायचे. बाबासाहेबांनी वतनाचा कायदा बदलण्यासाठी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. मध्ये तीस वर्षांच्या भाकरी आहेत. पण चटणी आमची होती, ती मागायला कुणी जात नव्हते. आजी कारळे तव्यावर तडतडेपर्यंत भाजायची, लसूण-मीठ-मिरची घालून उखळात कुटायची. सुगीत शेंगा वेचून आणल्या असतील तर दाण्यांची. ती कुटताना दाण्याचेच तेल सुटते, वरून घालावे लागत नाही. कोरड्यास काही नसले की हीच चटणी उकळत्या पाण्यात सोडायची, वर मूठभर कूट टाकायचा, झाले कालवण. शिळे तुकडे त्यात कुस्करायचे. पाकशास्त्राच्या पुस्तकांत चटणी ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. आमच्या ताटाला डावी बाजूच नव्हती. साहेबाने हाच शब्द विलायतेला नेला आणि साखर-सिरका घालून त्याचा आंबटगोड मुरंबा केला. त्याच्या मांसाला ती चव होती. आमचे ते जेवण होते.

आणि चटणी खाल्ली की पाणी लागते. महाडचे तळे १९२७ चे, हे आपण सगळे भाषणांतून सांगतो. पण तिखट घास आणि बंद पाणवठा यांची सांगड घालून आपल्या जेवणाचा इतिहास कुणी लिहिला? दुसऱ्याच्या रानात कामाला गेल्यावर ओंजळीत वरून पाणी ओतणारी बाई हातातले काम टाकून येईपर्यंत थांबावे लागे. कधी यायची, कधी विसरायची. म्हणून आजी रानात न्यायच्या चटणीत मिरची कमी घालायची. चव तिला कळत नव्हती असे नाही. ओंजळीचा अंदाज घेऊन ती चटणी कुटत होती.

आता सोलापूरची शेंगाचटणी पुड्यांतून पुण्या-मुंबईला जाते. मीही घेतो, आवडीने खातो. आजीने मात्र अखेरपर्यंत चटणी बेताचीच तिखट केली. तेव्हा आमच्या दारात नळ येऊन बरीच वर्षे झाली होती.