चौदा दिवसांची अट आणि अंगठ्याचा ठसा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की नळदुर्ग मागे पडते आणि थोड्याच वेळात जळकोट येते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव मूळचे ज्वारी-तुरीच्या मुलखातले. आता सोयाबीन आले आणि जिथे विहिरीला, तलावाला पाणी आहे तिथे ऊस आला. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसतात तेव्हा आपल्याला वाटते की व्यवहार आत्ता होतो आहे. खरा व्यवहार त्याआधी कितीतरी महिने, ऊसनोंदीच्या दिवशी उरकलेला असतो. कारखान्याचा चिटबॉय बांधावर येतो, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख लिहून घेतो आणि खाली सही मागतो. पुढचे पान सगळ्यांना ठाऊक असते, कारण ते आपल्याच शेताविषयी असते. अटी मात्र बारीक टायपात मागच्या पानावर असतात, आणि ते पान बहुतेक वेळा कोणी उलटत नाही. या भागातल्या शेतकऱ्याचे किती नुकसान निसर्गाने केले आणि किती न वाचलेल्या कागदाने, याचा हिशेब कधीच नीट मांडला गेलेला नाही. तो मांडायचा तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

1859 साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जाचे खत तीन वर्षेच चालेल, त्यानंतर सावकाराला त्यावर दावा लावता येणार नाही, असा त्याचा अर्थ. हेतू शेतकऱ्याच्या बाजूचा होता, व्याज साचत जाऊ नये एवढाच. सावकारांनी त्यावर साधा उपाय काढला. तीन वर्षे भरत आली की नवे खत करून घ्यायचे आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून लिहायचे. शेतकरी अंगठा उठवत राहिला आणि त्याच्यासाठी केलेला कायदा त्याच्यावरच उलटला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकाने घेरली आणि खतपत्रे, वह्या मागून त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत माणसांवर हात फार कमी पडला, कागद मात्र वेचून जाळले गेले. आपल्याला कोणी बुडवले हे त्या शेतकऱ्यांना नेमके कळले होते. कागदात काय लिहिले होते, हे तेवढे नेमके कधी कळले नव्हते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याची नोंद आज पुन्हा घ्यायला हवी, कारण त्यात एक मोठी कबुली आहे. अंगठा उठवला म्हणजे मजकूर समजला असे धरता येत नाही, हे सरकारने कायद्याच्या भाषेत मान्य केले. खत गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजे; दिलेल्या पैशाची पावती मिळाली पाहिजे; वर्षाचा हिशेब मागता आला पाहिजे; आणि दावा लागला तर न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासला पाहिजे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून गावोगावचे हे खटले पाहत होते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले ते याच सुमारास, आणि अक्षरशत्रू शेतकरी कागदापुढे किती हतबल होतो हे त्यांच्या विचाराच्या मुळाशीच आहे.

जळकोटच्या वाट्याला यातले काही आले नाही. नळदुर्गचा हा सगळा मुलूख 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे गेला होता. कर्नल मेडोज टेलर नळदुर्गला कारभारी म्हणून आला आणि त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. पण 1860 साली हा प्रदेश पुन्हा निजामाला परत मिळाला. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याला 1879 साली जे संरक्षण मिळाले, ते सीमेपलीकडे अवघ्या काही कोसांवर असलेल्या शेतकऱ्याला मिळाले नाही. भर पडली भाषेची. घरात मराठी, कचेरीत उर्दू. इथल्या कुणब्याला कचेरीचा कागद वाचायचा तर नुसती अक्षरओळख पुरणार नव्हती, त्याला दुसरी लिपी आणि दुसरी भाषाही शिकावी लागली असती. त्यामुळे कागद म्हणजे दुसऱ्याने लिहायचा आणि आपण मान्य करायचा, ही सवय मराठवाड्यात खोल मुरली. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. सवय मात्र राहिली.

त्यानंतर सहकार आला. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभा केलेला साखर कारखाना सगळ्या महाराष्ट्राला नमुना ठरला, आणि ती लाट पुढे ढोकीच्या ‘तेरणा’पर्यंत आणि नळदुर्गच्या ‘तुळजाभवानी’पर्यंत पोचली. शेतकरी आता कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक होता. सावकाराचे खत संशयाने पाहावे, पण आपल्याच कारखान्याचा करार काय वाचायचा, अशी एक भाबडी आणि समजण्याजोगी भावना त्यातून तयार झाली. सहकाराने या भागाला जे दिले ते मोलाचेच आहे. पण मालकी मिळाली म्हणून कागद वाचण्याची जबाबदारी संपली, ही समजूत महाग पडली. हे दोन्ही कारखाने पुढे अनेक हंगाम बंद राहिले आणि भाडेतत्त्वावर दुसऱ्यांकडे गेले. चेअरमन बदलतो, संचालक मंडळ बदलते, चालवणारा बदलतो. सही केलेला कागद तोच राहतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाच्या तिसऱ्या कलमानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे आहेत, आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यायचे आहे. ही अट गावोगावी पाठ आहे. आंदोलनात तिच्या घोषणा होतात. पण त्याच वाक्यात एक छोटा अपवाद आहे: दोन्ही बाजूंमध्ये याहून वेगळा लेखी करार नसेल तर. आदेशाचा सगळा जोर या अपवादावर येऊन टेकतो. हप्त्याहप्त्याने पैसे घ्यायला माझी संमती आहे, असे एक वाक्य नोंदणीच्या करारात घालून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळली, आणि शेतकरी संघटना वर्षानुवर्षे त्यावर बोट ठेवत आल्या. त्या वाक्याखाली सही असेल तर चौदा दिवसांची अट आपण आपल्याच हाताने मोकळी केली, असे म्हणायला कारखान्याला जागा मिळते. हे केवळ तत्त्वाचे भांडण नाही. 2 लाख रुपयांचे बिल तीन महिने रखडले तर 15 टक्क्यांनी व्याज होते 7500 रुपये. 1350 रुपयांच्या दराने ती डीएपी खताची पाच पोती झाली, आणि वर काही उरले. एवढी रक्कम एका न वाचलेल्या ओळीत जाते. शिवाय पैसे ‘थकले’ हेच सिद्ध झाले नाही, तर साखर आयुक्तांकडे आरआरसी, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली, कोणत्या तोंडाने मागायची?

21 फेब्रुवारी 2022 रोजी राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन टप्प्यांत देण्याला वाट करून देणारा निर्णय काढला. शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 17 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हा शेतकऱ्यांचा मोठा विजय होता आणि तो तसाच मानला पाहिजे. पण त्या निकालाने एक गोष्ट होत नाही. सरकारला एकतर्फी जे करता आले नाही, ते शेतकऱ्याच्या सहीने करून घेण्याचा प्रयत्न कागदावर चालूच राहू शकतो. सरकारच्या निर्णयावर लक्ष ठेवायला संघटना आहेत, वकील आहेत. आपल्या घरातल्या करारावर लक्ष ठेवायला आपल्याशिवाय कोणी नाही.

करार वाचून हरकत घ्यावी, यावर सर्वांत खरा आक्षेप भीतीचा आहे. अर्ज छापील असतो, त्यातली काना-मात्राही आपल्याला बदलता येत नाही. घासाघीस करायला गेले तर तोड येत नाही आणि ऊस फडात वाळतो. 2021-22 च्या हंगामात मराठवाड्याने हे पाहिले आहे. ऊस अमाप झाला, गाळप जूनपर्यंत लांबले, उभ्या उसाला तुरे आले, वजन घटले, आणि शेवटी सरकारला 1 मेनंतर गाळलेल्या उसासाठी टनाला 200 रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. पण याच हंगामाने कराराचे एकांगीपणही उघडे केले. नोंदलेला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालू नये हे बंधन शेतकऱ्यावर असते. नोंदलेला ऊस अमुक तारखेपर्यंत तोडू, न तोडला तर भरपाई देऊ, असे बंधन कारखान्यावर कुठे आहे? हे विचारायची वेळ तोडणीची टोळी बांधावर येते तेव्हाची नव्हे. तेव्हा शेतकऱ्याच्या हाती काहीच नसते. ती वेळ नोंदीची आहे, जेव्हा कारखान्याला पुढच्या हंगामासाठी क्षेत्र हवे असते. आणि विचारायचे ते एकट्याने नव्हे. एकाने हप्त्याची ओळ खोडली तर तो भांडकुदळ ठरतो, पण गावातल्या चाळीस जणांनी तीच ओळ खोडून सह्या केल्या तर कारखान्याच्या शेतकी विभागाला त्यावर बोलावेच लागते. सभासदांना तर वार्षिक सर्वसाधारण सभेत हा प्रश्न लेखी मांडण्याचा हक्कच आहे.

दुसरा आक्षेप असा की शेतकऱ्याने कायदा का शिकावा, त्याला सरकारने वाचवावे. सरकारने वाचवावेच, त्यात वाद नाही. पण 1859 चा कायदा शेतकऱ्याला वाचवायलाच निघाला होता आणि तो कागदावरच हरला. अगदी अलीकडे, 2019 साली, पेप्सिको कंपनीने तिच्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावल्याबद्दल गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. तिथे लोकांचा आवाज पोचला. उसाच्या बिलातली तोडणी-वाहतुकीची कपात, वजनातली घट, उताऱ्याचा आकडा या गोष्टींवर देशभर ओरड होत नाही. त्या एका घरात, एका बिलावर घडतात, आणि तिथे उपयोगी पडते ती हातात असलेली कराराची प्रत आणि काट्याची पावती.

म्हणून जळकोटच्या आणि आसपासच्या ऊसकऱ्यांना एवढीच विनंती आहे. यंदा नोंदीला सही करण्याआधी अर्ज उलटा करा. पैसे किती दिवसांत मिळणार, तोडणी-वाहतूक किती अंतराची आणि कशी कापणार, ऊस वेळेत नेला नाही तर काय, या तीन गोष्टी घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. हप्त्याला संमती असल्याची ओळ दिसली तर ती पाच-दहा शेजाऱ्यांना दाखवा आणि मगच पेन उचला. आणि सही केल्यावर प्रत मागून घ्या, तिच्यावर तारीख टाका आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.