भार न पेलणाऱ्या फासळ्या

पुणे-लोणावळा मार्गावरील मळवली स्टेशनाच्या दक्षिणेला भाजे आणि उत्तरेला कार्ले. दोन्ही ठिकाणी शाळांच्या सहली जातात. चैत्यगृहात शिरल्यावर मुलांचे लक्ष वर जाते आणि प्रश्न येतो, ‘दगडी छताला लाकडी फासळ्या कशासाठी?’ ‘छत तोलण्यासाठी’ हे सुचणारे पहिले उत्तर. ते चूक आहे.

येथील छत म्हणजे आतून कोरलेला अखंड डोंगर. याच मावळात बेडसे येथील चैत्यगृहातल्या फासळ्या आज नाहीत, तरीही तेथील छत उभे आहे. एखादा घटक काढून परिणाम पाहणे ही प्रयोगाची नेहमीची रीत. येथे तो प्रयोग काळानेच करून ठेवला आहे.

मग बिनकामाच्या फासळ्या बसवल्या का? वस्तूच्या डिझाइनचा अभ्यास करणारे अशा वेळी प्रश्न उलटा करतात. हा भाग येथे काम करत नसेल, तर तो कोठे काम करत असेल? लाकडी मंडपात कमानदार फासळ्याच छपराचा भार पेलतात. म्हणजे लेणे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती.

भाजे येथील खांब या तर्काला बळकटी देतात. हे चैत्यगृह इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील. त्याचे अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. कमानदार लाकडी छप्पर खांबांना बाहेर रेटते, म्हणून लाकडी खांब आत कलते रोवणे शहाणपणाचे. दगडात हा रेटा नसतो. शिवाय अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांवरून दिसते, की कोरीवकाम वरून खाली होत असे. आधी छत तयार होई आणि खांब नंतर. सुताराच्या नेमका उलटा क्रम! तरीही खांबांचा कल तसाच राहिला. कार्ल्याचे चैत्यगृह साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, सुमारे ३८ मीटर लांब. तेथील खांब सरळ उभे आहेत.

जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. खांबांचा कल जितका जास्त, तितके लेणे जुने, ही खूण फर्ग्युसन यांनी वापरली. अनेक वस्तू शेजारी ठेवायच्या, एकच लक्षण सगळीकडे तपासायचे आणि बदलाचा क्रम लावायचा, अशी ही तुलनेची पद्धत.

पण या पद्धतीला मर्यादा आहे. आपल्याकडच्या पोथीचे उदाहरण घ्या. आडवी, सुट्या पानांची पोथी हा ताडपत्राचा आकार. कागद आला, छापखाना आला, तरी पोथ्या त्याच आकारात छापल्या गेल्या. केवळ आकार पाहून छापील पोथी शिवलेल्या पुस्तकाहून जुनी ठरवली, तर फसगत होईल. आकारावरून क्रमाचा अंदाज येतो, साल मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. भाजे येथे तो मिळाला. तेथील लाकडी फासळ्यांवरचे ब्राह्मी लेख पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी प्रसिद्ध केले. त्यांचे अक्षरवळण इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाचे आहे. आकाराने सुचवलेल्या काळाला अक्षरांनी दुजोरा दिला.

कार्ल्याला आणखी एक साक्षीदार आहे. तेथील एका शिलालेखात दरवाजा घडवणाऱ्याचे नाव येते. धेनुकाकट गावचा सामी, आणि त्याचा व्यवसाय सुतार. दगडी दरवाजा सुताराच्या नावावर!

याला आंधळे अनुकरण म्हणण्याची घाई करू नये. भाविकाला चैत्यगृह ‘चैत्यगृह’ म्हणून ओळखता यायला हवे होते, आणि ती ओळख लाकडी रूपात होती. संगणकावर मजकूर साठवण्याच्या बटणावर फ्लॉपीचे चित्र असते. फ्लॉपी कधी न पाहिलेली मुलेही ते बिनचूक दाबतात. जुन्या साधनाच्या अशा उरलेल्या खुणेला इंग्रजीत ‘स्क्यूओमॉर्फ’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. सामीला शब्द ठाऊक नव्हता, काम ठाऊक होते. लाकडी इमारती कुजून, जळून गेल्या. त्या कशा होत्या, हे आज आपल्याला कळते ते बऱ्याच अंशी या ‘निरुपयोगी’ तपशिलांमुळे.

वर्गात याचा छोटा प्रयोग करता येईल. प्लॅस्टिकचे सूप आणा. त्यावर बहुधा बांबूच्या विणीसारख्या रेघा असतील. मुलांना विचारा, येथे विणलेले काय आहे? काहीच नाही, मग रेघा का? कोणी म्हणेल, नुसती नक्कल. तेथे थांबू नका. तितक्याच जाडीचा सपाट प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि दोन्ही वाकवून पाहा. रेघांचा भाग अधिक ताठ निघाला, तर जुन्या खुणेला नवे काम मिळाले आहे. निकाल काय लागतो, ते मुलांनाच सांगू द्या.