श्रावणमास-दक्षिणा व विद्याभ्यास

विद्यार्थ्यास द्रव्य देऊन शिकविल्यानें त्याची विद्येची गोडी वाढते कीं द्रव्याची, हा वाद नवा नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास वर्ज्य ब्राह्मणांमध्यें वेतन घेऊन शिकविणारा 'भृतकाध्यापक' गणला आहे. त्याजपाशीं शिकणारा 'भृतकाध्यापित'ही सुटला नाहीं. शिकणाऱ्यासच वेतन द्यावें हें मात्र स्मृतिकाराच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. महाराष्ट्रांत तें प्रत्यक्ष घडलें.

सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवास श्रावणमासच्या दक्षिणेचा परिपाठ घातला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडल्यावर पेशव्यांनीं तो पुण्यास नेला. शास्त्री-वैदिकांची परीक्षा घेऊन योग्यतेप्रमाणें संभावना करावी, हा त्यांतील गाभा. पुढें परीक्षा मोजक्या विद्वानांपुरती उरली. बाकीचा समुदाय पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत कोंडून, दारांतून सोडतांना एकेकाच्या हातीं नाणें ठेवीत. दाराशीं पोहोंचला तो पात्र! मग पाठ घोकण्यापेक्षां वेळेवर पुणें गांठणें लाभाचें ठरलें, यांत नवल तें काय? यावरून पैशानें विद्या नासली असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. पैसा ज्या गोष्टीस मिळे तीच गोष्ट वाढली. परीक्षेस मिळे तेव्हां परीक्षा, हजेरीस मिळूं लागला तेव्हां गर्दी.

एल्फिन्स्टननें दक्षिणा आटोपती घेतली व तिच्याच पैशांतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ त लोकहितवादी प्रभृतींनीं अर्ज केला कीं, या रकमेचा कांहीं भाग चांगले मराठी ग्रंथ लिहिणारांस मिळावा. जुनी मंडळी खवळली; जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशीं उभे राहिले. १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मोबदला आतां लिहून हातीं दिलेल्या ग्रंथास होता.

तथापि हजेरीचा पैसा सर्वथा निंद्य, असेंही आम्हीं म्हणवत नाहीं. १९९२ सालीं महाराष्ट्र सरकारनें मागास वर्गांतील प्राथमिक शाळेच्या मुलींस रोज एक रुपया उपस्थिति-भत्ता सुरू केला, तेव्हां आम्हीं उपनगरांतील एका शाळेंत शिकवीत होतों. कांहीं सहकारी हंसले. पण घरीं धाकटें भावंड सांभाळीत बसणारी मुलगी त्या रुपयासाठीं कां होईना वर्गांत येऊन बसली. पुढचें काम रुपयाचें नव्हे, आमचें होतें. तें प्रत्येक वेळीं साधलें नाहीं.

मुलुंड, पार्लें, बोरिवली येथें कोंकण-देशांतून येऊन वसलेल्या घराण्यांच्या रुमालांत दक्षिणेसंबंधीं याद्या वा परीक्षेचे कागद असतील, तर त्यांच्या नकला अवश्य कराव्या. त्यांत नांवापुढें केवळ रक्कम आहे, कीं अधीत विषयही नोंदला आहे, हें प्रथम पाहावें.